मोटारसायकलीला इरले हवे, गोधडी नको

बैलाला गोठा असतो. भाताला कणगी असते, पेंढ्याला माच असतो, कोंबड्यांनादेखील खुराडे असते. मोटारसायकलीला मात्र आपल्याकडे बहुधा काहीच नसते. ती अंगणात, वळचणीला, आंब्याखाली नाही तर चाळीच्या भिंतीशी उभी असते आणि मृगाच्या पहिल्या सरीपासून हस्ताच्या शेवटच्या गडगडाटापर्यंत चार महिने पाणी खाते.

बदलापूरच्या बेलवलीचेच पाहा. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेतला हा भाग. कर्जत मार्गावरचे स्टेशन जवळ, उल्हास नदीचे खोरे, आणि कोकणपट्टीचा धो-धो पाऊस. भाताची खाचरे कमी होत गेली, इमारती उठल्या, पण पाऊस काही कमी झाला नाही. कुणाला पहाटे दूध घालायचे असते, कुणाला भाजीची पाटी बाजारात टाकायची असते, कुणाला सकाळची लोकल गाठायची असते. या सगळ्यांचा भार दोन चाकांवर आहे. बैठ्या घरांना गाडी आत घ्यायला जागा नसते आणि पुष्कळ इमारतींतही छपराखालची जागा पुरत नाही. म्हणून गाडी उघड्यावर.

वाचकहो, ही गोष्ट केवळ रंग उडण्याची आणि चकाकी जाण्याची नाही. गंजलेली ब्रेकची तार उतारावर तुटते, तेव्हा मागे बसलेल्या मुलाचा जीव धोक्यात असतो. रात्री-अपरात्री घरातल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची वेळ येते, आणि नेमकी त्याच वेळी गाडी सुरू होत नाही. शिवाय गाडी बहुतेकांनी कर्जावर घेतलेली असते. गाडी गंजते, हप्ता गंजत नाही. तो दर महिन्याला ठणठणीत येतोच.

तेव्हा उघड्यावरची गाडी पावसाळ्यात कशी सांभाळावी, याचा थोडा विचार करू. यातली बहुतेक कामे घरच्या घरी, फडके, ग्रीसचा डबा आणि थोडी नजर एवढ्यावर होणारी आहेत.

गंज कोठून येतो?

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू या तिघांची गाठ पडली की गंज तयार होतो. त्यासाठी पाऊस अंगावर पडलाच पाहिजे असे नाही. हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसतो आणि काम सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या कोकणपट्टीत आर्द्रता कित्येक दिवस पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते. त्यात चिखलातले क्षार मिसळले किंवा कारखान्यांच्या धुरातला गंधकाचा अंश मिसळला, की गंजाचा वेग आणखी वाढतो.

गंजाला जागा लोखंडापेक्षा कितीतरी जास्त लागते. म्हणूनच रंगाला बारीक चरा गेला, की काही दिवसांनी त्याच्या बाजूला फोड येतो. आत गंज फुगतो, रंग वर उचलला जातो, त्याखाली आणखी पाणी शिरते आणि पुढचे लोखंड उघडे पडते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पावसाचे पाणी अंगावर पडले, ओघळून गेले, वारा लागला आणि गाडी सुकली, तर फारसे बिघडत नाही. बिघडते ते पाणी अडकून राहिले तर. मडगार्डच्या आत थापलेला चिखल, चेनकव्हरच्या तळाशी साचलेले पाणी, सीटखालचा ओला स्पंज, नटबोल्टच्या खाचा, प्लॅस्टिक चिकटून बसलेली टाकी. गंज लागतो तो बहुधा याच जागी. भिजण्यापेक्षा दमट राहणे वाईट. हे एक वाक्य ध्यानात ठेवले, तर पुढच्या सगळ्या सूचना तुमच्या तुम्हालाच सुचतील.

इरल्याचा धडा

आपल्या वाडवडिलांना हे चांगले ठाऊक होते. भाताच्या लावणीला बायामाणसे डोक्यावर इरले घेत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे आच्छादन. पाठीवर पाऊस पडे तो ओघळून जाई. पोटाकडची बाजू मोकळी, तिथून वारा खेळे. दिवसभर वाकून लावणी केली तरी अंग कोंदत नसे. आता तेच अंग प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून पाहा. पाऊस आत येणार नाही, पण घामाने माणूस चिंब होईल.

मोटारसायकलीचे तसेच आहे. पुष्कळ लोक मोठ्या काळजीने गाडीला निळी ताडपत्री गुंडाळतात, वरून सुतळीने आवळतात आणि निश्चिंत होतात. जमिनीतली ओल वर येते, ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि रात्रभर टपटप गाडीवर पडत राहतात. आठवड्याने ताडपत्री काढावी तर सीटला पांढरी बुरशी आणि स्पोकवर तांबडी पूड. त्यापेक्षा ती गाडी नुसती उघड्यावर राहिली असती तर वाऱ्याने सुकली तरी असती. म्हणून म्हणायचे, मोटारसायकलीला इरले हवे, गोधडी नको.

उभी कोठे करावी?

आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. म्हणून घराच्या पूर्वेची किंवा ईशान्येची बाजू बरी. भिंतच आडोसा करते. पण भिंतीला खेटून, पागोळ्यांच्या रेषेत गाडी लावू नका. छपराचे सगळे पाणी एका धारेत तिथेच पडते आणि खालचा चिखल उडून इंजिनावर बसतो. पागोळ्यांच्या आत पडवीत जागा असेल तर उत्तम. नसेल तर त्यांच्या बाहेर हातभर दूर उभी करा.

झाडाखालची सावली उन्हाळ्यात गोड, पावसाळ्यात महाग. पाऊस थांबल्यावरही झाड तासन्‌तास ठिबकत राहते. पक्ष्यांची विष्ठा रंग खाते, आणि वादळात फांदी मोडली तर गाडी आणि माणूस दोघांनाही धोका.

गाडी मातीवर किंवा गवतात उभी करू नका. चार जुन्या लाद्या, फरशीचे तुकडे किंवा विटांचा एक थर टाकून त्यावर ती मधल्या स्टँडवर उभी करा. मधल्या स्टँडवर गाडी सरळ राहते, पाणी दोन्ही बाजूंनी निथळते आणि एका टायरवरचा भार कमी होतो. गाडीला फक्त बाजूचा स्टँड असेल तर त्याच्याखाली सपाट दगड किंवा फळीचा तुकडा ठेवा. नाही तर रात्री माती भिजते, स्टँड रुततो आणि सकाळी गाडी आडवी सापडते.

गोठा आणि खताची खोली टाळा

जागा कोरडी आहे म्हणून पुष्कळ घरांत गाडी गोठ्यात बांधतात. हे सोयीचे वाटते, पण योग्य नाही. यामागे एक जुनी हकिकत आहे. इंग्रजी राजवटीत फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात, आणि ती उगाच चिरत. हे पावसाळ्याच्या हंगामात घडे म्हणून इंग्रजांनी त्या दोषाला 'सीझन क्रॅकिंग', म्हणजे हंगामी भेग, असे नाव दिले. कारण पुढे १९२१ साली शास्त्रज्ञांनी नीट उलगडले. जनावरांच्या मुतातून अमोनिया वायू सुटतो. तो दमट हवेत पितळेवर आणि तांब्यावर हल्ला करतो. पूर्वी येथे प्रवाशांचे घोडे बदलत म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, असे जुनी माणसे सांगतात. ते घोडे गेले, पण अमोनियाचा गुण काही बदललेला नाही. मोटारसायकलीच्या वायरी तांब्याच्या आणि जोड पितळेचे असतात. तेव्हा गोठ्याचा आडोसा घ्यायचाच तर भिंतीच्या बाहेरून घ्या.

खताच्या गोण्यांचेही तसेच. युरिया, पोटॅश, अमोनियम सल्फेट ही खते हवेतली ओल ओढून घेतात आणि त्यांची पूड ज्या धातूवर बसते त्याला ओले ठेवते. खताची गोणी गाडीवरून आणली असेल, तर त्याच दिवशी कॅरियर आणि मागचा मडगार्ड साध्या पाण्याने धुऊन काढा. औषध फवारणीचा पंप, मिठाचे पोते आणि बॅटरीचे ॲसिडही गाडीपासून दूर ठेवा.

साधे छप्पर

चार बल्ल्या किंवा चांगले पोक्त बांबू, वर पत्रा, दोन बाजू मोकळ्या. एवढे गाडीला पुरते. छप्पर सीटच्या वर निदान दोन-अडीच हात असावे, उतार पावसाच्या दिशेला असावा आणि पत्रा चारही बाजूंना गाडीच्या पुढे दीड-दोन फूट यावा. पावसाची बाजू तेवढी झावळ्यांनी, बांबूच्या तट्ट्याने किंवा जुन्या पत्र्याने बंद करा. चारी बाजू बंद केल्या तर वारा खेळणार नाही आणि परत गोधडीचीच गत होईल.

पत्रा बल्ल्यांना नीट आवळून बांधा. वादळात उडालेला पत्रा शेजाऱ्याच्या जिवावर बेततो. पत्र्याच्या खालच्या अंगाला रात्री दव धरून थेंब पडतात. खाली झावळ्यांचा किंवा गोणपाटाचा थर बांधला तर ते थेंब गाडीवर पडत नाहीत.

भाड्याच्या घरात किंवा चाळीत असे छप्पर घालता येत नाही. तिथे ताडपत्री वापरा, पण ती गाडीवर न टाकता गाडीच्या वर ताणा. भिंतीतले दोन खिळे आणि समोर दोन खुंट्या, मध्ये उतार. हेही एक प्रकारचे इरलेच. सोसायटीच्या आवारात आठ-दहा गाड्या असतील तर सर्वांनी वर्गणी काढून एकच लांब शेड घालावी. एकेकट्याने आठ ताडपत्र्या घेण्यापेक्षा ते टिकाऊ पडते.

आच्छादन घालायचेच असेल तर

बाजारात गाडीचे शिवलेले कव्हर मिळते. घेताना ते कापडी अस्तराचे आणि हवा जाऊ देणारे आहे का ते पाहा. जमिनीपासून वीतभर वरच ठेवा. पुढचे नियम मात्र काटेकोर पाळा.

गाडी ओली असताना कव्हर घालू नका. आधी फडक्याने पुसा. गाडी चालवून आणल्यावर लगेच घालू नका. सायलेन्सर इतका तापलेला असतो की प्लॅस्टिक वितळून चिकटते आणि आग लागण्याचाही संभव असतो. अर्धा तास तरी निवू द्या. कव्हर सैल फडफडत ठेवू नका, त्यातली वाळू रंग घासते; मधोमध एक दोरी बांधा. आणि श्रावणात ऊन पडले की कव्हर काढून गाडीला आणि कव्हरला दोघांनाही ऊन द्या. आपण गोधड्या वाळत घालतो, त्यातलाच हा प्रकार.

धुणे आणि पुसणे

"पावसात रोजच चिखल, मग धुवायची कशाला?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु चिखल म्हणजे ओला पोतेराच. तो जिथे बसतो तिथली ओल दोन-दोन दिवस हटत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी मडगार्डच्या आतून, इंजिनाच्या खालून आणि स्टँडच्या बेचक्यातून चिखल काढा. जुना दाढीचा ब्रश किंवा दात घासायचा ब्रश या कामी फार उपयोगी.

कपड्यांची साबणपूड वापरू नका. तिच्यातला सोडा ॲल्युमिनियमच्या भागांवर डाग पाडतो. साधे पाणी किंवा अंगाला लावायचा सौम्य शाम्पू पुरे. चाकांच्या बेअरिंगवर, चावीच्या भोकात आणि वायरींच्या जोडांवर जोराची धार मारू नका. धारेच्या जोराने पाणी आत शिरते आणि ग्रीस बाहेर येते. धुतल्यावर गाडी पुसा आणि जमल्यास एक फेरी मारून आणा. इंजिनाच्या उष्णतेने आणि वाऱ्याने फटीतले पाणी उडून जाते.

रंगावर आणि क्रोमवर पावसाळ्यापूर्वी मेणाची पॉलिश लावा. क्रोमचा मुलामा स्वतः गंजत नाही, पण त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात आणि पाणी त्यांतून खालच्या लोखंडापर्यंत जाते. मेण ती छिद्रे बुजवते. रंगाला नवा चरा गेला असेल तर जागा कोरडी करून नखांना लावायच्या रंगाचा एक ठिपका दिला तरी पाणी थांबते. हे काम घरातल्या मुली आपल्यापेक्षा जास्त सफाईने करतात! चरा जुना आणि तांबडा झाला असेल तर पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साइड लावून मग रंग द्या.

जळके ऑइल गाडीला फासण्याची चाल पुष्कळ गावांत आहे. ती सोडावी. त्या ऑइलमध्ये धातूचे कण आणि आम्ल असते, धूळ त्याला चिकटते, रबर खराब होते, आणि ते वारंवार अंगाला लागणे कातडीलाही घातक आहे. चेन डिझेलच्या फडक्याने पुसून कोरडी करावी आणि चेनसाठी मिळणारे तेल किंवा गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंब-थेंब द्यावे. पावसात हे दर आठवड्याला करा. क्लचच्या आणि ब्रेकच्या तारेत वरून तेलाचे चार थेंब सोडा. स्टँडच्या सांध्याला, नटबोल्टच्या डोक्यांना आणि स्पोकच्या मुळाशी ग्रीसचे बोट फिरवा. ब्रेकच्या ड्रमला आणि डिस्कला मात्र तेलाचा हात चुकूनही लावू नका.

चासीवर कोरलेला नंबर एकदा शोधून ठेवा आणि त्यावर ग्रीसचा पातळ थर द्या. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे नूतनीकरणाच्या वेळी तो नंबर तपासला जातो. गंजाने तो खाल्ला असेल तर चांगली चालती गाडी कागदावर अडकून पडते.

उगाच सुरू करून बंद करू नका

गाडी उभी आहे म्हणून रोज दोन मिनिटे इंजिन चालू करून बंद करणारे अनेक आहेत. हेतू चांगला, परिणाम उलटा. पेट्रोल जळले की त्यातून धूर निघतो तसे पाणीही निघते. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापले तर ती वाफ बाहेर जाते. दोन मिनिटांत ते तापत नाहीत, म्हणून वाफ आतच थिजते आणि सायलेन्सर आतून कुजू लागतो. तेव्हा गाडी काढायची तर पंधरा-वीस मिनिटे चालवा; नाही तर तिला स्वस्थ उभी राहू द्या. आणि बंद पडवीत किंवा खोलीत इंजिन कधीही चालू ठेवू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

टाकीतले पाणी

२०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. हे इथेनॉल उसापासून आणि धान्यापासून होते, म्हणजे शेतकऱ्याच्याच घरचे. पण त्याला पाण्याची ओढ फार. टाकी अर्धी रिकामी असेल तर त्या पोकळीत दमट हवा राहते, रात्री तिचे पाणी होते आणि इथेनॉल ते शोषते. पाणी फार झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळे बसतात. मग इंजिनाला पेट्रोलऐवजी तळाचे पाणीच मिळते आणि टाकीही आतून गंजते.

उपाय सोपा आहे. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, फक्त तोंडाशी बोटभर जागा सोडा. टाकीच्या झाकणाचे रबर चिरले असेल तर बदला. झाकणाभोवतीच्या खळग्यात साचणारे पाणी जाण्यासाठी बारीक भोक असते. त्यात माती अडकते, ती तारेने काढा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मिस्त्रीकडून उतरवून घ्या. भरल्या टाकीची गाडी चुलीजवळ किंवा समईजवळ ठेवू नका, हे वेगळे सांगायला नको.

बॅटरी, वायरी, उंदीर आणि साप

राजदूत, येझदीच्या काळी बॅटरी बसली तरी लाथ मारून गाडी सुरू करता येई. एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज ६ च्या पुष्कळ गाड्यांत पेट्रोल इंजेक्शनने जाते आणि त्याला वीज लागते. बॅटरी पार उतरली तर धक्का मारूनही उपयोग होत नाही. म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवा आणि महिन्याला एकदा चार्ज करून घ्या. काढताना आधी ऋण टोकाची वायर सोडा. बसवल्यावर दोन्ही टोकांना पेट्रोलियम जेलीचा हात द्या. पांढरी-हिरवी पूड धरणार नाही.

डिकीत किंवा सीटखाली शेंगदाणे, धान्य, खरकटा डबा ठेवू नका. त्या वासाने उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात. गाडी फार दिवस उभी असेल तर सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला, नाही तर कुंभारीण माशी आत मातीचे घर करते. बोळ्याला लाल चिंधी बांधून ती बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे गाडी सुरू करण्यापूर्वी काढायची आठवण राहील.

आणखी एक महत्त्वाची सूचना. पावसात सापाच्या बिळात पाणी शिरते आणि तो कोरडी जागा शोधत येतो. मोटारसायकलीचे कव्हर, सीटखालची पोकळी, पुढच्या दिव्यामागची बेचकी त्याला आवडते. सकाळी कव्हरला हात घालण्यापूर्वी काठीने चार टोले मारा आणि बॅटरीच्या उजेडात खाली पाहा. लहान मुलांना कव्हर काढायला पाठवू नका. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखाना गाठा.

निघण्यापूर्वी ब्रेक

रात्रभर दमटात उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेकवर तांबूस थर बसतो. पहिले काही क्षण ब्रेक एक तर लागत नाही, नाही तर एकदम पकडतो. म्हणून आळीतून बाहेर पडेपर्यंत सावकाश चालवत दोन-तीन वेळा ब्रेक दाबून पाहा. पाण्यातून गाडी काढल्यावरही असेच करा. उष्णतेने ब्रेक सुकतात. टायरची नक्षी झिजली असेल तर इतर खर्च मागे ठेवा, पण टायर आधी बदला.

पूर आला तर

उल्हास नदीचा स्वभाव बदलापूरकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ चा दिवस कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी तर बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि एक हजारावर प्रवाशांना सुखरूप बाहेर काढावे लागले. अशा पाण्यापुढे अंगणातल्या गाडीचा काय पाड?

म्हणून पाणी चढण्याचा इशारा मिळाला की गाडी उजेड असतानाच उंचावर न्या. उंच जागा कोणती, हे मे महिन्यातच ठरवून ठेवा. वेळ निघून गेली असेल तर गाडीचा मोह सोडा. भरल्या पाण्यात गाडीसाठी उतरू नका. गाडी पुन्हा घेता येते.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर पाणी ओसरल्यावर पहिला नियम असा, की चावी फिरवायची नाही आणि किक मारायची नाही. इंजिनात पाणी असताना ते फिरवले तर दांडा वाकतो आणि थोडक्यात निभावणारे काम मोठ्या खर्चाचे होते. बॅटरीची वायर सोडा, चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि गाडी ढकलत किंवा टेम्पोतून मिस्त्रीकडे न्या. ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचे झाले असेल तर त्यात पाणी आहे असे समजा. ऑइल, फिल्टर, पेट्रोल सगळे बदलावे लागते. हे जितक्या लवकर होईल तितके बरे, कारण खरा गंज पाणी ओसरल्यानंतरच्या दिवसांत धरतो.

विम्याचा कागदही आजच काढून पाहा. कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. आपली गाडी पुरात बुडाली तर त्यातून काही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा वेगळा विमा घ्यावा लागतो. नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

नक्षत्रांप्रमाणे कामे

शेतीची कामे आपण नक्षत्रांवर लक्षात ठेवतो. गाडीचीही तशीच ठेवावीत.

रोहिणीत, म्हणजे मेच्या शेवटी, छप्पर बांधा, लाद्या टाका, चरे बुजवा, मेण लावा, तारा आणि टायर तपासा.

मृग लागला की आठवड्याचा वार ठरवा. त्या वारी चिखल काढणे, पुसणे, चेनला तेल देणे, एवढी तीन कामे. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

श्रावणात उघडीप मिळाली की गाडीला आणि कव्हरला ऊन द्या, बॅटरीची टोके पाहा. पोळ्याला बैल धुता, त्या दिवशी गाडीची चासी खालून एकदा नीट न्याहाळा.

हस्त सरला की संपूर्ण धुलाई, गंजलेल्या जागी घासून रंग, ऑइल बदल. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, त्याच्या आदल्या दिवशी हे काम झालेले असावे.

या सगळ्याला मोठा पैसा लागत नाही. बेलवलीच्या चाळीत काय किंवा आडगावच्या वाडीत काय, चार लाद्या, डोक्यावर ताणलेली एक ताडपत्री आणि आठवड्याचा अर्धा तास कोणालाही जमण्यासारखा आहे. हे काम एकट्या घरधन्यावर ढकलू नका. मुलांना चेन पुसायला शिकवा, गाडी चालवणाऱ्या लेकीसुनांना ब्रेक तपासायला शिकवा. दारात उभी असलेली ही वस्तू घरातल्या सर्वांची ओझी वाहते. तिच्यावर सर्वांची नजर असली, तर ऐन अडचणीच्या रात्री ती पहिल्या प्रयत्नात सुरू होईल.